हिलमनचा खास विमा

"गाडी जळाली तर जळाली. आमचा शिवराम सुटला पाहिजे," इंदूकाकू म्हणाल्या आणि धापा टाकत खुर्चीत बसल्या.

मृणालिनी शेवडेचं ऑफिस काशीत, भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे चढताना धडधाकट माणूससुद्धा मध्ये थांबतो, आणि काकूंच्या तर हृदयाची झडप निकामी झालेली. प्रल्हाद मोघे पाणी आणायला धावला. घाईघाईने पेला घेऊन आला, तोही रिकामा.

हा प्रल्हाद मूळचा भुसावळचा. रेल्वेत गार्ड होता, बदलीवर मुगलसरायला आला, तिथेच निवृत्त झाला. बायको गेली, तिच्या अस्थी गंगेत सोडल्या आणि परत जायचं राहूनच गेलं. आता तो मृणालिनीच्या खालच्या खोलीत भाडेकरू होता आणि तिच्या तपासातला फुकटचा जोडीदार. डोळे चांगले होते हो त्याचे! दिसायचं सगळं, फक्त कळायचं दुसऱ्या दिवशी.

मृणालिनीचं उलट होतं. जन्म काशीतला, जीभ तिखट, डोकं त्याहून तिखट. पूर्वी ती विमा कंपनीत सर्वेअर होती. कुणाचं दुकान जळालं, कुणाची मोटार आपटली, की ते खरं की बनाव हे जाऊन बघायचं. साहेबाशी वाजलं, नोकरी सोडली, आणि तेच काम आता ज्याचं नुकसान झालं त्याच्या बाजूने करायची.

"सावकाश, काकू. गाडी कधी जळाली?"

"सोमवारी पहाटे. मैदागिनच्या शेडमध्ये."

काकूंचे यजमान म्हणजे रत्नाकर पाटणकर, दूधविनायकाचे. पाठशाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवलं, म्हणून सगळे गुरुजी म्हणत. मृणालिनीही त्यांच्याकडेच शिकलेली. त्यांच्या वडिलांना, ढुंढिराज वैद्यांना, एका जमीनदाराने बरं झाल्याच्या आनंदात काळी हिलमन मोटार दिली होती, एकोणीसशे एकोणपन्नास सालची. दूधविनायकाच्या गल्लीत बैल आडवा आला तर माणसाला भिंतीला चिकटावं लागतं, तिथे मोटार कुठली शिरायला? म्हणून ती मैदागिनला भाड्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. गुरुजी रोज तिला बघायला जायचे. मूलबाळ नव्हतं. जे काही होतं ते ती गाडी.

"शिवराम वीस वर्षं गाडी चालवतोय आमची. पोलीस म्हणतात, पगार थकला म्हणून त्याने रॉकेल ओतून जाळली. अहो, तो तिला स्वतःच्या अंगोछ्याने पुसायचा! अजून कागदावर काही घेतलेलं नाही, नुसता चौकीत बसवून ठेवलाय. उद्या कोर्टात उभा करणार. एकदा जेलमध्ये गेला की त्याच्या पोरीचं लग्न मोडलंच समजा."

"दुसरं कुणी असेल असं वाटतं?"

"वाटायला काय! मला फक्त खरं काय ते हवंय."

"आणि खरं काढलं आणि ते कुणा ओळखीच्यावर गेलं, तर?"

काकूंनी पदराने घाम टिपला. "कुणावरही जाऊ दे. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे माझ्या घरामुळे होता कामा नये."

---

शेडचा पत्रा काळा पडून वाकला होता. आगवाल्यांनी दाराची कडीच उपटून काढली होती. कडी कोपऱ्यात पडली होती आणि तिच्यात कुलूप तसंच लटकत होतं, व्यवस्थित लागलेलं.

"यही तो बात है, मैडम," चौकीचा दरोगा म्हणाला. पोट सुटलेला, पण स्वभावाने वाईट नसलेला माणूस. "ताला बंद था. चाबी दो. एक गुरुजी के पास, एक डरैवर के पास. गुरुजी उस टाइम शिंदे घाट पर नहा रहे थे, वहाँ बैठने वाले घाटिया पंडे ने अपनी आँख से देखा. बचा कौन?"

"पेटवणारा पेटवून पळतो. कुलूप लावत बसेल का?" मृणालिनी म्हणाली.

"सामान बाँध के रखने की आदत होगी साले को," दरोगा म्हणाला आणि स्वतःच हसला.

प्रल्हादने आत डोकावून पाहिलं. हिलमनचा नुसता सांगाडा उरला होता. सुकाणूचं चाक वितळून लोंबत होतं. समोरच्या पत्र्यावर, जिथे लोक देव बसवतात, तिथे स्क्रूची दोन भोकं होती.

"इथे काय होतं?"

"पितळी गणपती," मृणालिनी म्हणाली. "मी लहानपणी पाहिलाय. राखेत शोधा, प्रल्हादराव. पितळ असं जळून जात नाही."

प्रल्हादने अर्धा तास राख चाळली, हात कोपरापर्यंत काळे केले. गणपती नव्हता, स्क्रूही नव्हते.

"चोरीला गेला असेल."

"गाडी सोडून चार बोटांचा गणपती नेणारा चोर? फारच सोवळा चोर म्हणायचा."

शेडच्या बाहेर, दाराच्या उजव्या अंगाला, भिंतीशी पानाचा एक द्रोण होता. त्यात दही वाळून त्याचे पापुद्रे झाले होते, खाली फुगलेले पोहे, वर काळे ठिपके, आणि मुंग्यांची रांग. शेजारी मातीत तांदळाचे लालसर दाणे पडले होते.

"दही-चूड़ा," दरोगा म्हणाला. "यहीं बैठ के नाश्ता किया, फिर आग लगाई. पंचनामे में लिखवा दिया है."

"राख उडून पडलीय त्यात," प्रल्हाद म्हणाला. "आणि तांदूळ पाखरांना टाकलेले दिसतात."

मृणालिनीने वाकून द्रोण नाकाशी नेला, मग तसाच खाली ठेवला. तिचा चेहरा जरा उतरला. प्रल्हादला वाटलं, वास घाण असेल.

---

चौकीत शिवराम भिंतीला पाठ लावून उकिडवा बसला होता. ओठ सुजलेला. मृणालिनीला पाहून उठायला गेला आणि कळवळला.

"शिवराम, गाडी तू जाळलीस?"

तो पुन्हा उकिडवा बसला.

"तू म्हण की नाही जाळली. मी त्यासाठीच आलेय."

"का कहें, दीदी." तो फरशीकडे बघत राहिला. "माताजी कैसी हैं?"

"तुला सोडवायला तिसऱ्या मजल्यापर्यंत चढून आल्या."

"अरे! उनको मना कीजिए. उनको सीढ़ी मना है."

"पगार थकला होता ना?"

"था. पर सावन में पूरा मिल गया. माताजी ने अपने हाथ से दिया, छह महीने का इकट्ठा."

"मग पोलिसांना का नाही सांगितलंस?"

त्यावर त्याने तोंड फिरवलं. बाहेर आल्यावर प्रल्हाद चिडून म्हणाला, "हा काय वेडा आहे का? निर्दोष माणूस बोंबलून सांगतो, मी नाही त्यातला! हा तर स्वतःच्याच गळ्यात दोर अडकवून बसलाय."

"हो ना," मृणालिनी म्हणाली. "सुटायची सोय हातात असून माणूस गप्प कधी बसतो, प्रल्हादराव?"

"अपराध केलेला असला की."

"किंवा दुसऱ्याचा पाहिलेला असला की."

---

मैदागिनजवळच्या एका हॉटेलचा मालक वासुदेव अग्रवाल याला जुन्या वस्तूंचा सोस होता. हिलमन त्याला हवी होती, हे सगळ्या चौकाला ठाऊक. संशय घ्यायला माणूस अगदी सोयीचा. पांढरे बूट, बोटांत अंगठ्या.

"मैं जलाऊँगा?" तो उसळला. "मुझे तो चाहिए थी! पहले भाड़े पर माँगी, विदेशी मेहमानों को घुमाने के लिए. जुलाई खत्म हो रही थी. गुरुजी बोले, भाड़े पर नहीं दूँगा, बीमे का नियम है. फिर इंजन गया. मिस्त्री ने खोला तो ब्लॉक ही फटा हुआ. अब वो दुनिया में कहाँ मिलेगा? मैंने कहा, दे दीजिए, लॉबी में खड़ी कर दूँगा, सजावट."

"किती देणार होतात?"

"सजावट का जितना होता है उतना. गुरुजी ने कहा, इसकी कीमत तो तय हो चुकी है, आपके बस की नहीं. मैंने सोचा कोई और ग्राहक होगा."

"इंजिन फुटल्याचं कुणाकुणाला माहीत होतं?"

"मिस्त्री को, गुरुजी को, शिवराम को. और मुझे."

बाहेर पडल्यावर प्रल्हाद म्हणाला, "तो दुसरा ग्राहक शोधायला हवा." मृणालिनी काही बोलली नाही. ती गप्प झाली की प्रल्हादला धडकी भरायची, कारण त्यानंतर कुणाचं तरी वाटोळं ठरलेलं असायचं.

---

गुरुजींचा पुतण्या उल्हास विम्याचा एजंट. गोदौलियाला त्याची टपरीएवढी खोली. बोलताना अर्धं मराठी, अर्धं हिंदी, आणि खोटं बोलता न येणारा बापडा चेहरा.

"ताई, मीच काकांना समझावलं होतं. जुन्या गाडीला साधा विमा बेकार. साध्या विम्यात गाडीची किंमत दरसाल उतरते, मग पन्नास-साठ वर्षांच्या गाडीला काय मिळणार? भंगार का भाव! आणि सगळ्यात स्वस्त जो, त्यात तर आपल्या गाडीचं काही नाहीच. आपण दुसऱ्याला ठोकलं तर त्याची भरपाई, बस. जुन्या गाड्यांचा खास विमा वेगळा. त्यात आधीच बसून किंमत ठरवतात. जळली, चोरी झाली, ठरलेली किंमत पूर्ण हातात."

"आणि अटी?"

"अटी खूप. भाड्याने द्यायची नाही. गाडी कुलपाच्या आत असली पाहिजे, नाहीतर एक पैसा नाही. हप्ताही तगडा. काकांनी मागच्या साली घेतला. लग्नांना गाडी भाड्याने जायची ते बंद झालं ना, मग हळूहळू शिवरामचा पगार अटकला."

"म्हणजे आता ठरलेली किंमत मिळेल की!" प्रल्हादला एकदम हुरूप आला. "मग गुरुजींचा फायदा..." आणि पुढचा विचार येऊन तो ओशाळला.

"कुठलं काय, मोघेकाका. जुलैच्या सुरुवातीला मुदत संपली, तेव्हा काकू आल्या. म्हणाल्या, खास नको, सगळ्यात स्वस्त दे, घरात ठरलंय. तोच दिला. आगीचा एक रुपया मिळणार नाही. आता काका निरोप पाठवतात, माणूस लवकर पाठव. कसला माणूस? मी म्हटलं, सदमा बसलाय, जाऊ दे."

गल्लीत आल्यावर प्रल्हादने सुटकेचा श्वास सोडला. "बरं झालं बुवा. क्षणभर गुरुजींवरच संशय आला होता मला. पैसाच मिळणार नाही म्हटल्यावर ते कशाला जाळतील?"

मृणालिनी चालता चालता थांबली. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी बडवली, तरी हलली नाही.

"माझे गुरुजी आहेत ते, प्रल्हादराव," ती म्हणाली. "शब्दरूपं चुकली की कान पिळायचे आणि मग खिशातून बत्तासा काढून द्यायचे. आज मला हे काम नकोसं झालंय."

---

दूधविनायकाच्या घरी गुरुजी पाटावर बसून होते. समोर पोथी उघडी, पण पान उलटत नव्हते. हसले, बसा म्हणाले. दोघं नको नको म्हणत असतानाही काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि दहीपोहे घेऊन आल्या. मोहरीची, हिरव्या मिरचीची खमंग फोडणी दिलेले.

प्रल्हाद ताटलीवर तुटून पडला. "व्वा! भुसावळ आठवलं. इथल्या लोकांना हे जमत नाही बुवा."

"ते दह्यात गूळ घालून खातात, दही-चूडा. फोडणीचं नाव काढलं की हसतात," काकू म्हणाल्या. "यांना हल्ली फार आवडायला लागलेत. परवा पहाटे उठून करायला लावले."

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर पोथीत घातली.

"गुरुजी, शेड साफ करून घ्यायची का? मालक विचारतोय," मृणालिनीने विचारलं.

"छे छे! कशालाही हात लावू देऊ नका. तपासायला यायचेत अजून."

"पोलिसांचा पंचनामा झाला की," प्रल्हाद म्हणाला.

"असू दे. थांबा म्हणावं त्याला."

मृणालिनीने ताटली खाली ठेवली. तिने एक घासही घेतला नव्हता. "मी उल्हासला बोलावलंय," ती म्हणाली. "तो आला की मला काही सांगायचंय."

उल्हास आला, दाराशीच टेकला. खालच्या गल्लीतून पितृपक्षाला आलेल्या यात्रेकरूंचा गलबला वर येत होता. काकू गुरुजींच्या शेजारी बसल्या. काय येणार आहे याची त्या बाईला काही कल्पना नव्हती.

"काकू, तुम्ही म्हणालात, खरं काढ, कुणावरही जाऊ दे. अजून तेच म्हणणं आहे?"

"हो ग. शिवरामची पोर दारात येऊन रडून गेली सकाळी."

"मग ऐका. पहिलं कुलूप. शेड आतून पेटवली आणि नंतर बाहेरून कुलूप लावलं. शिवराम सूड घ्यायला गेला असता, तर दोनच किल्ल्या असताना कुलूप लावून स्वतःकडे बोट का दाखवील? दार सताड टाकलं असतं, म्हणजे कुणावरही गेलं असतं. कुलूप त्याने लावलं, ज्याला गाडी कुलपाच्या आत जळायला हवी होती. अशी गरज जगात एकाच गोष्टीला आहे. खास विम्याच्या अटीला."

"पण खास विमा तर..." उल्हास बोलायला गेला.

"थांब जरा. दुसरं, गणपती. तो जळला नाही, चोरीलाही गेला नाही. जाळणाऱ्याने स्क्रू सोडवून आधी काढून घेतला. देवाला आगीत ढकलायचा धीर झाला नाही त्याला. आणि नुसता काढला नाही. त्याची उत्तरपूजा केली. प्रल्हादराव, ते लालसर तांदूळ पाखरांसाठी नव्हते. कुंकवाच्या अक्षता होत्या."

प्रल्हादच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"आणि द्रोणात दही-चूडा नव्हता. दरोग्याने त्याच्या घरात जे खातात ते पाहिलं. त्यात गूळ नव्हता, काळे ठिपके राखेचे नव्हते. मोहरी होती ती, हिंगाचा वास अजून येत होता. मराठी घरात गणपतीला निरोप देताना दहीपोह्यांची शिदोरी देतात. शिवराम यादवला हे कुठून सुचणार? हा निरोप ज्याने दिला त्याच्या घरात गणपती बसतो आणि उठतो."

काकूंचा हात गुरुजींच्या गुडघ्यावर होता, तो त्यांनी हळूच काढून घेतला.

"शिंदे घाटावर घाटियाने तुम्हाला पाहिलं, गुरुजी. खरंच पाहिलं. पण पत्र्याच्या बंद शेडमधली आग बाहेर दिसायला वेळ लागतो. मैदागिनहून चालत घाटावर यायला तेवढा पुरतो. आणि गंगेत बुडी मारताना तुमच्या ओंजळीत गणपती होता."

"अग पण ताई," प्रल्हादला राहवेना, "पैसाच मिळणार नव्हता! स्वस्तातला विमा होता. त्यांना कशासाठी..."

"तिथेच आपण चुकत होतो, प्रल्हादराव. माणूस जे आहे त्याच्यासाठी गुन्हा करत नाही. जे आहे असं त्याला वाटतं त्याच्यासाठी करतो. वासुदेवने जुलै संपताना गाडी भाड्याने मागितली. तेव्हा स्वस्त विमा लागू होता, त्यात गुरुजींना भाड्याची कसली भीती? तरी त्यांनी खास विम्याचा नियम सांगितला. विकत मागितली तर म्हणाले, किंमत ठरलीय. उल्हासला सांगतात, माणूस पाठव, आणि मला म्हणाले शेडला हात लावू नका, तपासायला यायचेत. सर्वेअर यायचाय असं वाटतंय त्यांना. गुरुजींना अजूनही ठाऊक नाही."

गुरुजींनी मान वर केली. इतका वेळ ते अपराध्यासारखे बसले होते, आता मात्र गोंधळून एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले.

"काय ठाऊक नाही? हो, मीच जाळली. इंजिन फुटलं होतं, ती पुन्हा उठणार नव्हती. ही पण उठणार नाही, ऑपरेशन झालं नाही तर. लखनौच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. पाठशाळेच्या मास्तराला कुठली पेन्शन? एक मेली होती, म्हटलं दुसरी तरी वाचवावी. शिवरामला धरतील असं स्वप्नातही नव्हतं. पैसे हातात आले, हिला लखनौला नेलं, की त्याच दिवशी चौकीत जाऊन सांगणार होतो. गळ्याची शपथ!" ते उल्हासकडे वळले. "पण काय ठाऊक नाही मला? उल्हास, काय रे?"

उल्हास रडायलाच लागला.

"मी सांगते," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज विलक्षण शांत होता. "हप्त्याचे पैसे तुम्ही माझ्या हातात दिलेत. मी स्वस्तातला विमा घेतला. उरलेल्यातून शिवरामचा पगार दिला. सहा महिने त्याच्या घरात चूल धड पेटत नव्हती हो, पोरीचं लग्न तोंडावर. मला वाटलं, गाडी कुलपात तर असते, तिला काय होणार आहे!"

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात. वडिलांची गाडी."

"मग... काहीच मिळणार नाही?"

"काहीच नाही."

गुरुजींनी पोथी मिटली. "मी तिला जाळली, इंदू," ते शेवटी म्हणाले. "लहानपणी तिच्या मागच्या सीटवर झोपायचो मी. आणि फुकट जाळली."

काकूंनी त्यांचं डोकं जवळ घेतलं. लोकांसमोर असं करणारी बाई नव्हती ती. प्रल्हाद खिडकीकडे वळला, पण नाक वाहायचं ते वाहिलंच.

"मृणालिनी," काकूंनी विचारलं, "काही वाट आहे का ग यातून? हे सुटतील अशी?"

मृणालिनीला खोटं बोलता आलं असतं. तिच्या तोंडावर आलंही होतं.

"नाही, काकू. वय बघून शिक्षा कमी होईल कदाचित. पण हे सांगितल्याशिवाय शिवराम सुटत नाही, आणि उद्या कोर्ट आहे."

"मग आत्ताच जाऊ," गुरुजी उठले. "धोतर बदलतो."

---

दरोग्याने सगळं ऐकून घेतलं, कपाळावर हात मारला आणि गुरुजींसाठी खुर्ची मागवली. आयुष्यात पहिल्यांदाच तो आरोपीला खुर्ची देत असावा. लिहिणं बरंच चाललं. मग शिवरामला बाहेर आणलं.

गुरुजींना खुर्चीत पाहिल्याबरोबर तो सगळं समजला आणि धडपडत येऊन त्यांच्या पायाशी बसला.

"आप काहे आ गए, बाबूजी? हम सबेरे आपको निकलते देखे थे. हम किसी से कुछ नहीं कहे. साल-दो साल काट लेते हम. हमारी तो उमर है."

"तुझ्या मुलीचं लग्न आहे, गाढवा," गुरुजी म्हणाले.

शिवरामने काकूंकडे पाहिलं. सुजलेल्या ओठांनी तो हळू आवाजात, दरोग्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाला, "माताजी, बीमा का पैसा तो मिलेगा न? ऑपरेशन तो होगा?"

प्रल्हादने मृणालिनीकडे पाहिलं. मृणालिनी फरशीकडे पाहत होती. पगार कुठून आला हे त्या माणसाला कळलं असतं, तर पोरीच्या लग्नाचा एकेक घास त्याच्या घशात अडकला असता. ही गोष्ट प्रल्हादला त्या क्षणीच कळली, दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता.

काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांना श्वास पुरत नव्हता.

"मिलेगा, बेटा," त्या म्हणाल्या. "क्यों नहीं मिलेगा? तू घर जा, बिटिया राह देखती होगी."

शिवरामने हात जोडले आणि लंगडत पायऱ्या उतरला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत काकू त्याच्याकडे हसून बघत होत्या, आणि वळल्यावर तिथेच खाली बसल्या.